टेकडीच्या पोटातला खेळ

त्या मुलखात एक खेळ होता. तो इतक्या जणांना आवडत होता की, ज्यांना तो आवडत नव्हता त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

खेळ होता लाल मातीच्या टेकडीच्या पोटात. कौलू नावाच्या खवलेमांजरानं तिथे भुयारं खणली होती. पायथ्याच्या तोंडातून आत शिरायचं आणि माथ्यावरच्या भोकातून बाहेर यायचं, एवढाच नियम. मधे मात्र वाटा फुटायच्या, एकमेकींना छेदायच्या, काही पुढे जाऊन बंद व्हायच्या, तर काही अर्धा तास फिरवून होतं तिथेच आणून सोडायच्या. पाच वेळा चुकून जो सहाव्यांदा माथ्यावर डोकं काढायचा, त्याला तो रोजचाच वारा वेगळा लागायचा. महिन्याकाठी कौलू दोन वाटा बुजवायचा आणि तीन नव्या काढायचा. त्यामुळे खेळ संपायचा नाही.

सुरुवातीला हे फक्त अकरा जणांना ठाऊक होतं. त्यांच्यात कोरांटी नावाची एक साळू होती.

कोरांटीचा स्वभाव वाईट नव्हता, पण तिच्या अंगावर काटे होते. पाणवठ्यावर ती आली की सगळे तिला हसून जागा द्यायचे, आणि ती जागा नेहमी जरा जास्तच मोठी असायची. कोणी तिला लागून बसत नसे. यात कुणाचा दोष नव्हता. तीही कुणाला दोष देत नसे. फक्त पाणी पिऊन लवकर निघायची.

कौलूची भुयारं अरुंद होती. आत शिरताना तिचे काटे भिंतींनी दाबले जायचे आणि अंगाला चिकटून बसायचे. पहिल्याच दिवशी एक घूस तिच्या मागून चालता चालता तिच्यावर आपटली आणि "अगं बाई, चल की पुढं!" असं म्हणून तिला ढकलायला लागली. कोरांटी क्षणभर जागीच थांबली. तिला आजवर कोणी ढकललं नव्हतं. त्या दिवशी ती तीन वेळा आत जाऊन आली. पुढच्या दोन वर्षांत टेकडीतलं प्रत्येक वळण तिच्या मिशांना ओळखायला लागलं. कोणी अडकलं की बाकीचे म्हणायचे, "कोरांटीला हाक मारा." आणि कोरांटी यायची.

मग एके दिवशी लव्हाळी नावाची सशीण पायथ्याशी येऊन बसली. तिचा मागचा एक पाय जन्मापासून वाकडा होता. उघड्या माळावर घारींच्या भीतीनं तिला कधी धावता आलं नव्हतं. तिला आत जायचं होतं, पण तो वाकडा पाय पहिल्याच वळणाला अडकायचा. ती रागावली नाही, रडलीही नाही. दोन दिवस नुसती तोंडाशी बसून आतले आवाज ऐकत राहिली. तिसऱ्या दिवशी कौलूनं तोंड रुंद केलं. मग वळणं रुंद केली. वाट चुकणाऱ्यांसाठी जागोजागी भिंतीवर पांढऱ्या मातीचे पट्टे ओढले.

त्यानंतर मुलूख लोटला. मुंगसं आली, उंदीर आले, रानमांजरं आली, नदीपलीकडचे जीव पोहून आले. पहाटेपासून पायथ्याशी रांग लागायला लागली. पाणवठ्यावर त्याच गप्पा, झाडावर त्याच गप्पा. आणि त्या रुंद झालेल्या वाटांमध्ये कोरांटीचे काटे पुन्हा उभे राहायला लागले. नवे आलेले तिला बघून भिंतीला चिकटायचे आणि म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे. आम्ही मागून येतो, सावकाश."

ती कौलूकडे गेली. कौलू उन्हात बसून नखं घासत होता.

"पट्टे कशाला ओढलेस?" तिनं विचारलं.

"काही जण घाबरतात आत."

"घाबरू देत. आपण नाही घाबरलो?"

"घाबरलो," कौलू म्हणाला. "पण आपल्याला परत यायचं होतं. त्यातले काही एकदा घाबरले की पुन्हा येत नाहीत."

"तुझा खेळ राहिला नाही तो आता. बाजार झालाय."

कौलूनं नखं घासायचं थांबवलं. तो मुळातच कमी बोलणारा. म्हणाला, "तू ये की पूर्वीसारखी. तुझ्यासाठी एक अवघड वाट काढतो. पट्ट्यांशिवायची."

तिला हवी होती ती वाट ही नव्हती, पण कोणती ते तिलाही सांगता येईना. ती तशीच परत गेली.

नदीकाठी एक काळा कातळ होता. त्यावर घुमे नावाचा भारद्वाज बसायचा. मुलखातले लोक त्याला घुमेदादा म्हणायचे. त्याचा आवाज रुंद आणि खोल होता आणि त्या आवाजात सांगितलेली कुठलीही गोष्ट खरी वाटायची. पूर्वी तो ऋतूंविषयी बोलायचा, झाडांविषयी बोलायचा, आणि संध्याकाळी पाच-सहा जण ऐकायला थांबायचे. मुलूख टेकडीकडे लोटल्यापासून तेही थांबेनासे झाले होते. शिवाय येणारा-जाणारा त्याला विचारायचा, "काय घुमेदादा, गेलात की नाही टेकडीत? अजून नाही? काय सांगता!" विचारणाऱ्याच्या मनात काही नसायचं. पण दिवसातून दहादा तोच प्रश्न ऐकला की तो अंगावर येतो.

एका संध्याकाळी घुमेदादा कातळावरून म्हणाला, "टेकडी पोखरून ठेवली आहे. आणि तुम्ही आंधळ्यासारखे त्यात शिरताय."

चौदा जण थांबले.

दुसऱ्या दिवशी त्यानं बेडकांच्या उड्यांच्या खेळाला नावं ठेवली. कोणीच थांबलं नाही. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा भुयारांवर बोलला. तीस जण जमले. घुमेदादा लबाड नव्हता. लोक ज्या गोष्टीला थांबत होते ती गोष्ट त्यालाही हळूहळू अधिक खरी वाटायला लागली, इतकंच झालं.

कातळावर येणाऱ्या प्रत्येकाचं दुखणं वेगळं होतं. मोर यायचा, कारण त्याचा नाच बघायला आता लांडोरीसुद्धा वेळेवर येत नव्हत्या. एक हरिणी यायची, कारण तिची पाडसं घरी आली तरी मनानं त्या टेकडीतच असायची. रानडुकरांचा अख्खा कळप यायचा. डुकरं कितीही आक्रसली तरी भुयारात मावत नव्हती आणि बाहेर बसून दुसऱ्यांचं खिदळणं ऐकायचा त्यांना वीट आला होता. पण यातलं काहीही कोणी बोलून दाखवत नसे. बोलायचे ते टेकडी पोखरल्याबद्दल, मातीच्या धुळीबद्दल, पिढी बिघडल्याबद्दल. रोज संध्याकाळी सगळ्यांचं एकमत व्हायचं आणि सगळे समाधानानं घरी जायचे.

कोरांटी तिथे पहिल्यांदा गेली तेव्हा मागे उभी राहिली. घुमेदादानं तिला ओळखलं.

"तू तर पहिल्या अकरा जणांतली ना? ये, पुढे ये. यांना सांग, पूर्वी काय होतं आणि आता काय झालंय."

ती पुढे गेली. तिनं सांगितलं. वळणं कशी होती, अंधार कसा होता, एकदा सहा जण पुरा दिवस अडकले होते आणि शेवटी वासावरून कशी वाट काढली. लोक मान डोलावून ऐकत होते. बोलता बोलता ती पायाखालच्या मातीत नखानं ती वळणं काढून दाखवायला लागली. ते बघून हरिणी उठली आणि तिच्याजवळ येऊन बसली. अगदी जवळ नाही, पण पाणवठ्यापेक्षा जवळ.

त्यानंतर कोरांटी एकही संध्याकाळ चुकली नाही.

पुढे पुढे मात्र नुसत्या बोलण्यानं कोणाचं भागेना. एका संध्याकाळी डुकरांचा म्होरक्या म्हणाला, "रोज बोलतो आपण. तिकडे रांग वाढतेच आहे."

"एक दिवस बंद राहू दे त्यांचा खेळ," घुमेदादा म्हणाला. "फक्त एक दिवस. म्हणजे कळेल त्यांना की आपणही आहोत."

"बंद कसा करायचा? तोंडापाशी तर गर्दी असते."

सगळ्यांनी कोरांटीकडे पाहिलं.

टेकडीच्या खांद्यावर बोरीच्या जाळीत दोन झरोके होते. त्यातून आत हवा जायची. ते अकरा जणांपलीकडे कोणाला माहीत नव्हते. झरोके बुजले की आतली हवा कोंदट होते, आणि मग कोणी आत थांबू शकत नाही. कोरांटीनं हे सांगितलं. सांगताना तिला वाटलं की आपण वाट चुकलेल्यांना वाट दाखवायचो, तसंच काहीसं हे आहे. तिच्याकडे इतक्या जणांनी एकदम बघून कितीतरी दिवस झाले होते.

"उद्या भर दुपारी," ती म्हणाली. "तेव्हा आत कोणी नसतं. सगळे नदीवर असतात."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी डुकरांनी मोठमोठे धोंडे ढकलत टेकडीवर नेले. आधी पहिला झरोका बुजवला, मग दुसरा. एवढं झाल्यावर थांबायला हवं होतं. पण धोंडे ढकलण्यात त्यांना मजा वाटायला लागली होती. टेकडी अखेर त्यांच्या पायाखाली होती. त्यांनी तिसरा धोंडा नेला, चौथा नेला. पाचव्याला टेकडीच्या पोटातून खोकल्यासारखा आवाज आला आणि मधला सगळा भाग खाली बसला. लाल धूळ झाडांच्या वर गेली. डुकरं जिकडे वाट फुटेल तिकडे पळाली.

कोरांटी पायथ्याशी उभी होती. धूळ जरा खाली बसल्यावर तिच्या लक्षात आलं की कौलू आपल्या नेहमीच्या उन्हाच्या जागेवर नाही.

मोठं तोंड ढिगाऱ्यानं बंद झालं होतं. ती वळसा घालून मागच्या अंगाला गेली. तिथे करवंदीच्या मुळाशी कौलूनं सगळ्यांत आधी खणलेलं एक भोक होतं. इतकं अरुंद, की नंतर कोणी वापरलंच नव्हतं. ती त्यात शिरली.

आत हवेऐवजी धूळच होती. ती मिशांनी चाचपत पुढे गेली. काही वळणांनंतर कोणीतरी कण्हल्याचा आवाज आला.

"कोण आहे?"

"मी लव्हाळी. सशीण." आवाज शांत होता, पण श्वास उथळ चालला होता. "तुम्ही कोण?"

"कोरांटी."

"तुम्ही होय? मग ठीक आहे. तुम्हाला सगळ्या वाटा माहीत आहेत म्हणतात."

कोरांटीनं आवाजाच्या दिशेनं माती बाजूला सारली. मग तिनं विचारलं, "या वेळी तू आत काय करत होतीस?"

"मी दुपारीच येते. गर्दी नसते ना, मग धावता येतं." लव्हाळी खोकली. "पुढे कौलूकाका आहेत. ते अवघड वाट खणत होते. तुमच्यासाठी खणतोय, म्हणाले. पट्ट्यांशिवायची."

कौलू थोडं पुढे सापडला. छत पडायला लागल्यावर त्यानं अंगाचा गोळा करून घेतला होता आणि तो गोळा मातीत अर्धा रुतला होता. कोरांटीनं दोन्ही पंजांनी माती उकरली.

"कौलू."

गोळ्यानं हालचाल केली नाही.

"कौलू, मी आहे."

 मग गोळ्याच्या आतून आवाज आला. "झरोके तू सांगितलेस?"

"हो."

वरून मातीचं ढेकूळ निसटून दोघांच्या मधे पडलं.

"आत कोणी नसेल असं वाटलं होतं मला," ती म्हणाली.

"असतं कोणीतरी," कौलू म्हणाला. "नेहमीच असतं."

उरलेली माती उकरत ती त्याच्या पलीकडच्या बाजूला गेली. ती म्हणाली, "तसाच गोळा होऊन राहा. मी ढकलते."

पुढे लव्हाळी, मधे गोळा झालेला कौलू आणि मागे त्याला डोक्यानं ढकलणारी कोरांटी, असे ते निघाले. वळणावर वळण कोरांटी सांगत होती. "डावीकडे. आता खाली वाक. आता उजवीकडची सोड, ती बंद आहे." तिच्या मागे छत पडत होतं. तिचे काटे मातीत अडकत होते आणि दर चार पावलांना एखादा मुळापासून उपटून मागे राहत होता. ती थांबली नाही. तिघं बाहेर पडली तेव्हा करवंदीपाशी सारा मुलूख जमला होता. खेळणारे होते, तसेच कातळावरचेही होते, आणि त्या गर्दीत कोण कुठला ते ओळखू येत नव्हतं. सगळ्यांच्याच अंगावर तीच लाल धूळ होती.

घुमेदादा पुढे आला. "आम्हाला फक्त एक दिवस—" तो म्हणाला, आणि त्याचा तो खोल आवाज मधेच बसला. तो मागे सरकला.

कौलू उलगडला. त्याच्या उजव्या पंजाची तीन नखं तुटली होती. त्याच्याकडे बघून सगळ्यांना समजलं की हा आता खणू शकणार नाही.

त्यानंतरचे दिवस मुलखात विचित्र गेले. पहाटे काही जण सवयीनं टेकडीपाशी यायचे, खचलेला भाग बघायचे आणि परत जायचे. संध्याकाळी काही जण सवयीनं कातळापाशी जमायचे. घुमेदादा चोच उघडायचा आणि मिटायचा. एकदा त्यानं वाऱ्याविषयी बोलून पाहिलं, एकदा उन्हाविषयी. लोक खाली बघत बसायचे. मोर नाचला, आणि आता बघायला सगळे मोकळे असूनही त्याचा पिसारा लवकर मिटला. हरिणीची पाडसं घरी होती, गप्प होती. आठवड्याभरात कातळावर येणारेही कमी झाले. एकमेकांशी दुसरं काय बोलायचं हे त्यांना माहीतच नव्हतं.

कोरांटी कुठेच जात नव्हती. तिच्या पाठीवर काट्यांच्या जागी भोकं पडली होती आणि ती भरत होती. नवव्या दिवशी ती उठली, टेकडीपाशी गेली आणि खणायला लागली.

तिला कौलूसारखं खणता येत नव्हतं. तिची भिंत वाकडी व्हायची, छत ढासळायचं. दुपारी घूस आली, काही न बोलता तिच्या शेजारी उकरायला लागली. मग लव्हाळी आली. चौथ्या दिवशी डुकरांचा म्होरक्या आला आणि दूर उभा राहिला.

"माती उचलून नेऊ का?" त्यानं विचारलं. "तेवढं जमेल आम्हाला."

"न्या," कोरांटी म्हणाली.

आणि मग कातळावरचे सगळेच आले. आश्चर्य हे की, कुठलं वळण कुठे होतं, हे खेळणाऱ्यांपेक्षा त्यांनाच जास्त तपशीलवार ठाऊक होतं. वर्षभर त्यांनी दुसरं काही ऐकलं नव्हतं, दुसऱ्या कशाचा विचारच केला नव्हता. "इथे वाट फुटायची," हरिणी म्हणायची. "आणि ती फार लवकर फुटायची, ती चूकच होती. जरा पुढे न्या." मोराला वाटायचं, शेवटचा चढ आणखी तीव्र हवा. त्यावरून मुंगसांशी त्याचं भांडण व्हायचं. प्रत्येक जण वाद घालत होता आणि प्रत्येकाच्या नखांत माती होती.

कौलूला विचारायला कोणी गेलं की तो तुटका पंजा उन्हात धरून म्हणायचा, "मला नका विचारू. मलाही एकदा हरवायचंय."

त्यामुळे भुयारं पुरी झाली तेव्हा ती मुलखात कोणालाच पूर्ण ठाऊक नव्हती.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी कोरांटीला पुढे व्हायला सांगितलं. ती तोंडाशी आली तेव्हा तिच्या मागे घुमेदादा उभा होता. त्याची पिसं थरथरत होती.

"थंडी वाजते का?" तिनं विचारलं.

"नाही." त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "मला अंधाराची भीती वाटते. पहिल्यापासूनच. कोणाला कसं सांगायचं?"

कोरांटीनं जरा विचार केला. "माझा एखादा काटा धरा," ती म्हणाली. "चोचीत. टोकाकडून नको, मधे धरा. टोचणार नाही."

त्यानं धरला. त्याच्या मागच्यांनी त्याची शेपटी धरली, त्यांच्या मागच्यांनी त्यांची. अशी ती रांग आत गेली. भिंतींना ओल्या मातीचा वास येत होता. पाचव्या वळणानंतर वाट दोन बाजूंना फुटली आणि कोरांटी थांबली.

"काय झालं?" मागून लव्हाळीचा आवाज आला.

"मला माहीत नाही," कोरांटी म्हणाली. "कुठे जायचं ते मला माहीतच नाही."

 मग कोणीतरी फस्सकन हसलं, आणि ते हसू एकाकडून दुसऱ्याकडे जात रांगेच्या टोकापर्यंत पोचलं.

ते विरलं तेव्हा तिला डोक्यावर आवाज ऐकू आला. मातीच्या छतापलीकडून, बाहेरच्या उन्हातून. जड पावलं होती, कितीतरी, आणि फार जपून टाकलेली. भुयारात न मावणारा डुकरांचा तो सगळा कळप वर उभा राहून हसण्याचा माग काढत होता. ती डावीकडे वळली. थोडा वेळ वर काहीच हललं नाही. मग एक पाऊल डावीकडे पडलं, त्याच्या मागे दुसरं, आणि मग सगळीच पावलं तिच्या वरून, तिच्याबरोबर चालू लागली.